भिंतीकडं तोंड केलेला फोटो

...आणि वर मला विचारतो काय, तर "दादा, एवढे फोटो ठेवलेच कशाला?" आता काय बोलायचं सांगा याला! ठेवलेच कशाला म्हणजे? मी फोटोग्राफर आहे, बाबा! किराणा दुकानदाराला विचारतोस का, पोती ठेवलीच कशाला म्हणून? हार्ड डिस्कवाला आहे तो. डिस्क बंद पडली की येतो, दोन वायरी काढतो, दोन घालतो आणि जाताना सल्ला फुकट देऊन जातो. "डिलीट मारा ना दादा, निम्मे तर डबल डबल आहेत!" डबल डबल! अरे, नवरदेवानं डोळे मिटले म्हणून दुसरा काढला, दुसऱ्यात नवरीच्या मामानं मध्येच हात घातला म्हणून तिसरा काढला, याला काय डबल म्हणतात होय? तुम्हाला सांगतो, एक लाख त्र्याऐंशी हजार फोटो निघाले माझ्याकडं. सहा हार्ड डिस्क, दोन खोकी भरून डीव्हीडी, आणि एकीतसुद्धा बोट ठेवायला जागा नाही. जागाच नाही हो!

आणि फोल्डरची नावं! मीच दिलेली, कुणाला बोलू? 'नवीन'. 'नवीन दोन'. 'खरंच नवीन'. 'फायनल'. 'फायनल फायनल'. 'डिलीट करू नये'. 'डिलीट करावं का ते बघणे'. एका फोल्डरचं नाव 'मावशी'. उघडला, तर आत फर्दापूरच्या लॉजचे अठ्ठावीस संडास! जाहिरातीला काढले होते. मावशी कुठंच नाही. माझी बायको विशाखा बाजूला बसून निवडलेल्या फोटोंची यादी करत होती, ती म्हणाली, "अहो, निदान मावशींना तरी कळू देऊ नका."

आता तुम्ही म्हणाल, इंद्रजीत, भर उन्हाळ्यात, टँकर आठ दिवसांतून एकदा येतोय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि तू जुने फोटो लावत काय बसलास? हौस म्हणून नाही हो! आमच्या घरात, मुकुंदवाडीला, समोरच्या खोलीत माझ्या वडलांचा फोटो आहे. वीस बाय तीस, सागवानी फ्रेम. आणि गेले तीन महिने तो फोटो भिंतीकडं तोंड करून टांगलाय. येणाऱ्याला काय दिसतं? पुठ्ठा! चार खिळे आणि पुठ्ठा! पाहुणे येतात, हात जोडतात, मग जरा थांबतात... "हे... असं का?" काय सांगू? माझ्या आईनं उलटा केलाय. आणि ती म्हणते, खरा फोटो आणशील तेव्हाच सुलटा करीन.

वडील माझे, सखाराम, फेब्रुवारीत गेले. मूळचे देवगाव रंगारीचे. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला गेले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. शेजारच्यानं हातोडा मारला, दगडाची कपची उडाली, ती थेट डोळ्यात. दवाखाना कन्नडला, आणि जायला बैलगाडी. डोळा गेला. म्हणजे होता जागेवर, पण पांढरा पडला, पापणी अर्धी खाली आली आणि भुवईतून एक कापल्याची रेघ गेली. मग शहरात आले, चिकलठाण्याला एका कारखान्यात वॉचमन झाले आणि एका डोळ्यानं तीस वर्षं कारखाना राखला. एकदाही चोरी नाही हो! दोन डोळेवाले होते त्यांच्या पाळीत दोनदा झाली.

तर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. पांढरे कपडे घालून सगळं गाव आलेलं, देवगावहून दोन जीपा भरून. पुढं बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी माझ्या बापाचा फोटो, माझ्या हातचा! तुम्हाला सांगतो, काय काम केलं होतं मी! सुरकुत्या काढल्या, कॉलर सरळ केली, रंग दोन घरं उजळ केला, आणि डोळे... दोन्ही डोळे नुसते लकाकत होते. लोक म्हणत होते, "काय फोटो आहे! साहेब वाटतात साहेब!" मी आपला हात जोडून उभा, पण आतून जरासा फुगलेला. बापाच्या पुण्यानुमोदनात फुगलो होतो मी, खोटं कशाला बोलू.

मग आईला पुढं आणली, फूल वाहायला. आई म्हणजे कडूबाई. लहान चणीची आहे, पण आवाज असा की गल्लीतला टँकरवाला हॉर्न वाजवायचा थांबतो. ती फूल घेऊन पुढं गेली. थांबली. फोटोकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत फोटोकडं.

"ह्ये कोन हाय?"

मी म्हटलं, "आई, बाबा आहेत."

"कुनाचे?"

आता भन्तेजी समोर बसलेले, दोनशे माणसं! मी हळूच म्हटलं, "आई, असं काय करतीस, बाबा आहेत आपले."

"डोळा कुठंय त्येंचा?"

"अगं आहेत की! दोन्ही आहेत!"

"त्येच म्हनते मी."

आणि फूल परत घेतलं हो तिनं! हातात धरून बसून राहिली शेवटपर्यंत. लोकांना वाटलं, म्हातारीला दुःखानं सुधरत नाही. मी पण तसंच सांगितलं चार जणांना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर फोटोचं तोंड भिंतीकडं.

मी म्हटलं आई, चुकलं असेल माझं, मी मूळ फोटो काढून देतो, त्यात काय एवढं! फोटोग्राफर आहे मी, बापाचे शेकड्यांनी फोटो काढलेत. विशाखानं वही घेतली, मी डिस्क लावल्या, आणि बसलो. आणि तिथं मला कळलं, की मूळ फोटो नाहीतच.

का नाहीत? अहो, जागा नव्हती! दोन हजार चारला दुकान टाकलं तेव्हा ऐंशी जीबीची डिस्क, तीसुद्धा उधारउसनवारीची. फोटो सुधारला की त्याच्यावरच सेव्ह. सुधारलेला राहतो, मूळ जातो. धंद्याची रीतच होती माझी. गिऱ्हाईक काय मूळ मागायला येतं? कोणी कधी आलंय का म्हणायला, "दादा, माझे मुरमाचे डाग परत द्या"? दोन दोन ठेवायचे तर ठेवायचे कुठं? जागा नव्हती हो!

आणि सुधारण्यात माझा हात धरणारा नव्हता कोणी, हे पण सांगतो. टक्कल भरून दिलंय, दात बसवून दिलेत, भांडून लग्नाला न आलेला चुलता रांगेत उभा करून दिलाय. ग्रुप फोटोतून जावई काढून त्या जागी कुंडी ठेवलीय, आणि दोन वर्षांनी समेट झाला तेव्हा कुंडी काढून जावई परत ठेवलाय. सोळा सालच्या दुष्काळात तर काय विचारू नका. इकडं प्यायला पाणी नाही आणि तिकडं बायपासला, आमच्याच शहराच्या सातारा परिसरात, पडेगावला, जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग! सगळे प्लॉटवाले माझ्याकडं. नुसता मुरूम, चुन्याच्या रेघा आणि एक बाभूळ. "इंद्रजीतभाऊ, जरा हिरवळ टाका." टाकली! माझ्याकडं म्हैसमाळचा ऑगस्टमधला एक फोटो होता, त्यातलं गवत उचलायचो आणि सगळीकडं पसरायचो. तेच गवत पाच स्कीममध्ये, तेच गवत अकरा प्री-वेडिंगमध्ये. एका स्कीमला तळं पण घातलं. दोन बदकं घातली. मालक म्हणाला, बदकं जरा जास्त होतायत, तर एक काढलं.

त्या वेळी आई दुकानात आली होती, डबा घेऊन. स्क्रीनकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "ह्ये कुठलं गाव रं?" मी म्हटलं, "इथंच आहे, पडेगावच्या पुढं." म्हणाली, "पानी हाय की लई! रिक्षा जाती का तिथवर? चार हांडे आनले असते." मी हसलो. विशाखाला सांगून हसलो, शेजारच्या दुकानदाराला सांगून हसलो. आज सांगताना हसू येत नाही.

असो. तर मूळ फोटो नाहीत. मग तुम्ही विचाराल, आधार कार्ड? विचारा, सगळ्यांनी विचारलं! आधार कार्डावरच्या फोटोवरून आजवर कोणी कोणाला ओळखलंय? बाबांच्या कार्डावर दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आहेत, मध्ये नाक आहे असं समजायचं. मतदान कार्ड बघितलं, तर त्यावर दुसऱ्याच माणसाचा फोटो! नाव सखाराम, फोटो कोण्या मिशीवाल्याचा. बाबांनी पाच निवडणुका त्या मिशीवाल्याच्या फोटोवर मतदान केलं, कोणी हूं की चूं केलं नाही. कारखान्याचा बिल्ला? कारखानाच बंद पडला, तिथं आता फ्लॅट झालेत. लग्नातला फोटो? देवगावात सत्तर साली आमच्यासारख्यांच्या लग्नाला कोण येत होता कॅमेरा घेऊन?

मग मी म्हटलं ठीक आहे, आपण स्वतःच करू. सुधारलेला फोटो घ्यायचा आणि डोळा होता तसा परत करायचा. अहो ज्यानं सुधारला त्याला बिघडवता येणार नाही? बसलो. ब्रश घेतला. आणि हात थांबला.

डोळा कुठला होता? उजवा का डावा?

हसू नका! मला आठवेना! पंधरा वर्षं लोकांना सांगतोय, "मान जरा डावीकडं, हनुवटी खाली, उजवा खांदा सैल", आणि ज्या माणसाच्या मांडीवर मोठा झालो त्याचा कुठला डोळा गेला होता ते मला सांगता येईना. डोळे मिटून आठवलं तर कधी इकडचा वाटतो, कधी तिकडचा. मी चांगला डोळा उचलून, उलटा करून खराब डोळ्यावर बसवायचो ना, आणि ते दोन डोळ्यांचं तोंड मीच इतक्या वेळा बघितलं की तेच डोक्यात बसलं. म्हटलं फोटोत खूण राहिली असेल, उलट्या केलेल्या डोळ्यात उजेडाचा ठिपका उलट्या बाजूला पडतो, तिथं पकडू. मोठा करून बघितला. ठिपका पण सरळ केलेला! इतकं सफाईचं काम, की माझी चोरी मलाच सापडेना.

देवगावला फोन लावला. चुलतभाऊ कचरू म्हणतो, "उजवा! शंभर टक्के उजवा! काका माझ्याकडं बघायचे तेव्हा मला ह्या साईडला दिसायचा." अरे कुठल्या साईडला? फोनवर साईड दाखवतोय! आत्याला, मुक्ताबाईला फोन लावला. ती म्हणाली, "डावा. त्येचं रक्त मी पुसलंय." म्हटलं आत्या, त्यांचा डावा का तुझा डावा?  मग म्हणाली, "मी समूर व्हते... थांब, मग माझा डावा... न्हाय रं इंद्रा, आता मला बी घोटाळा व्हायला लागला, फोन ठिव." म्हटलं आईला विचारू. पण आईला विचारायचं म्हणजे काय? बापाचा डोळा कुठला होता ते मला ठाऊक नाही, हे बोलायला लागणार. तोंड झालं नाही माझं. म्हणून मग सगळ्या डिस्क तारखेप्रमाणं लावायला घेतल्या. एखादा तरी निसटला असेल, एखाद्या लग्नात कोपऱ्यात, पंगतीत, कुठंतरी. म्हणून हा उन्हाळ्यातला उद्योग!

आणि निसटलेला सापडला, तुम्हाला सांगतो! ऐका. दोन हजार दहाचा नोव्हेंबर. तेव्हा दुकान गुलमंडीच्या तोंडाशी होतं. मी नवीन बोर्ड केला होता, चार बाय सहा, आणि त्यावर दोन फोटो शेजारीशेजारी. एकावर लिहिलं 'सुधारण्यापूर्वी', दुसऱ्यावर 'सुधारल्यानंतर'. दोन्हीत एकच माणूस. माझे वडील.

हो. बापाचा फोटो लावला होता मी, खराब फोटोचा नमुना म्हणून. भर गुलमंडीत.

त्यात तेव्हा काही वाटलं नाही मला. उलट घरचा माणूस, विचारायला नको. तर त्या बोर्डाचं उद्घाटन केलं तेव्हाचा दुकानाचा फोटो सापडला! विशाखानं काढलेला. मी असा ओरडलो की पासपोर्ट फोटोला बसलेल्या बाईंनी डोळे मिटले. बोर्ड आहे! त्यावर दोन फोटो आहेत! मोठा केला... आणखी मोठा केला... 'सुधारल्यानंतर' स्वच्छ दिसतोय. आणि 'सुधारण्यापूर्वी'च्या बरोबर पुढं मी उभा! नवीन सफारी घालून, दात काढून, माझं डोकं बापाच्या तोंडावर! विशाखा म्हणाली, "मी म्हटलं होतं मध्ये उभे राहा. तुम्हीच म्हणालात, नाही, चांगला फोटो झाकता कामा नये."

बोर्ड पुढं राहिला नाही, आणि त्याची फाईल तर छापून होताच मी पुसली होती. अकरा साली रस्तारुंदी आली, दुकानाचा पुढचा भाग गेला. दोन तासांची मुदत होती. मी कॅमेरे काढले, कॉम्प्युटर काढला, लायटी काढल्या, फिरती खुर्चीसुद्धा काढली. बोर्डाकडं बघून म्हटलं, राहू दे, दुसरा करू. जेसीबीनं वरून दात घातला. रस्ता आता लई चांगला झालाय, दोन गाड्या आरामात जातात.

पण मला जे दिसलं ते पुढंच आहे. फोटो तारखेप्रमाणं लागले ना, तर बाबांचे सगळे एका ओळीत आले. दोन हजार दहाच्या नोव्हेंबरपर्यंत दोन्ही डोळे, लकलकीत, माझ्या हातचे. आणि त्यानंतरच्या पहिल्या फोटोत, कुणाच्या तरी बारशात, बाबांच्या डोळ्यावर काळा गॉगल. त्यापुढच्यातही गॉगल. लग्नात गॉगल, जयंतीच्या मिरवणुकीत गॉगल, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, घरात, ट्यूबलाइटखाली गॉगल! आठ वर्षांचे फोटो, दोनशे चौदा, एकातसुद्धा उघडा डोळा नाही. आम्ही सगळे त्यांना हिरो म्हणायचो. मी म्हणायचो, "बाबा, कॅमेरा बघितला की गॉगल काढता का हो खिशातून!" ते म्हणायचे, "उनाचा तरास व्हतो रं."

तेव्हा मला आठवलं. बोर्ड लावला त्या दिवशी बाबा दुकानासमोर आले होते. बोर्डाकडं बराच वेळ बघत उभे होते. मग 'सुधारल्यानंतर'कडं बोट करून म्हणाले, "ह्यो बरा दिसतोय. ह्येला दोन्हीकून दिसतंय का?" मी म्हटलं, "बाबा, जाहिरात आहे ती." म्हणाले, "मंग चांगलं हाय." आणि शहागंजच्या बाजारात गेले. मला वाटलं भाजी आणायला गेले.

आता एक गोष्ट सांगतो, विशाखाला सोडून कुणाला सांगितली नव्हती. जागा नव्हती, जागा नव्हती, असं मी मघापासून तुमच्यापुढं घोकतोय ना? त्या ऐंशी जीबीच्या डिस्कवर तेव्हा एका पिच्चरची नाचगाणी होती, सगळी. फर्दापूरचे अठ्ठावीस संडास होते, मूळ आणि सुधारलेले, दोन्ही! जागा होती हो. मला तो डोळा नको होता. शाळेत पोरं काणोबाचा इंद्रा म्हणायची मला, आणि मी मोठा झाल्यावर माझ्या हातात पुसायचं साधन आलं. पुसला. माझ्या बापाचं तोंड मी पुसलं आणि वर त्याला सुधारलं म्हणालो. लाज वाटती. ह्या वयात, गिऱ्हाइकासमोर, खुर्चीत बसून रडलो मी. त्या पासपोर्टवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, मी नंतर येते."

विशाखा उठली, रिक्षा केली आणि आईला घेऊन आली. मला न विचारता.

आई आत आली, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. मी म्हटलं, "आई... बाबांचा कुठला डोळा गं?" आता बोलेल, मग बोलेल. मी खाली मान घालून बसलो.  पण तिनं दोन हात पुढं केले, एक बघितला, दुसरा बघितला. उजवा-डावा तिला कधीच जमलं नाही हो, जेवायचा हात आणि दुसरा हात, एवढंच. पुटपुटली, "मी समूर बसल्यावर... न्हाय..." आणि मग तिच्या तोंडावर भीतीच आली एकदम. तिला पण सांगता येईना!

मग म्हणाली, "उठ."

"कुठं?"

"उठ म्हनते ना. उभा ऱ्हा. हां. आता चल दारापतूर."

मी चाललो. आणि आई खुर्चीतून उठली आणि माझ्या बाजूला आली, न विचार करता, सरळ माझ्या डाव्या अंगाला. माझा कोपर धरला. काउंटरपासून दारापर्यंत सात-आठ पावलं असतील. बाहेर दोन गिऱ्हाइकं काचेतून बघतायत, हे मायलेक दुकानात कुठं चाललेत म्हणून! दाराशी पोचलो, वळलो, तर ती पण फिरून परत डाव्याच अंगाला.

"हिकडून दिसत नव्हतं त्येला," आई म्हणाली. "सायकलवाले येऊन धडकायचे. म्हनून मी हिकडून चालायची. शेचाळीस वर्सं हिकडूनच चालले. ह्योच डोळा."

डावा. मी म्हटलं, "आई, दोन डोळ्यांचे पण चांगले दिसत होते ना गं?" म्हणाली, "दोन डोळ्याचं मानूस दोनच वर्सं व्हतं माझ्याकडं. तवा तर मी त्येच्याकडं मान वर करून बघत बी नव्हते, लाजायची. मला ठावं हाय ते एकाच डोळ्याचं. दुसरं आनून बसवलंस, त्येच्यासंगं काय बोलू मी?"

मग बसलो. तुम्हाला सांगतो, सुधारायला हजार बटणं आहेत, बिघडवायला एक नाही. सगळं हातानं. आई शेजारी. "पापनी आजून खाली... लई नगं, झोपल्यावानी दिसतंय. पांढरं तेवढं नगं, तांदळाच्या दान्यायेवढं. भुवईत चीर. तिरकी रं, सरळ कुठं व्हती!" मध्येच म्हणाली, "सुरकुत्या दे की त्येच्या. त्या बी नेल्यास का?" दिल्या. कॉलर वाकडी केली. रंग होता तसा केला. दुपारचं जेवण राहिलं, टँकर येऊन गेला, हांडे तसेच राहिले. आई पदरानं स्क्रीन पुसायची, डाग काचेवरचा आहे का तोंडावरचा ते बघायला.

चार वाजता तिनं माझा हात धरला. "बास."

बघत राहिली.  मग त्या स्क्रीनला रागावून म्हणाली, "कुठं गेलतास इतके दिस?"

आणि रडली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा रडली.

त्याच संध्याकाळी प्रिंट काढली आणि गुलमंडीत रऊफचाचांकडं फ्रेमला घेऊन गेलो. पंधरा वर्षं माझ्या सगळ्या फ्रेमा तेच करतात. बोर्ड केला होता तोही त्यांनीच. चाचांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, फोटो उजेडाकडं धरला, आणि माझ्याकडं असे बघायला लागले, जसा काय मी चोर आहे.

"क्या इंद्रजीतभाई! पूरे शहर के फोटो सुधारते तुम... और अपने अब्बा की आँख वैसीच छोड़ दिए? थोड़ी ठीक करके तो लाते!"

आता त्यांना कुठून सांगायला सुरुवात करू, तुम्हीच सांगा! मी म्हटलं, "ठीकइच करके लाया, चाचा. फ्रेम बनाओ."